आईची खुशाली

बाबा, पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. तुमचा गुडघा कसा आहे?

काल वर्गात देव असण्या-नसण्याचे युक्तिवाद शिकवत होतो. ‘देव दयाळू असेल, तर भली माणसं तडफडून का मरतात?’ असं फळ्यावर लिहिलं. एका मुलीने विचारलं, “सर, यावर समोरच्याने काय म्हणायचं?” मला तुमचा चेहरा दिसला.

सुट्टीत मी तुम्हाला हेच विचारलं होतं, पाहुण्यांसमोर, आईचं नाव घेऊन. तुम्ही उठून आत गेलात आणि मला वाटलं, मी जिंकलो.

ताई म्हणते, तेव्हापासून तुम्ही सकाळी देवापुढे उभे राहत नाही. माझी मलाच लाज वाटते, बाबा. देवाचं मला अजूनही पटत नाही. पण आई गेल्यापासून तुम्ही रोज हात जोडून त्याला तिची खुशाली विचारायचात, मी ऐकलंय. तेवढी विचारत जा.

तुमचा,
धाकटा