लाकडी गोळे, चाळीस वह्या आणि एक चुकलेले प्रमेय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त गणित प्राध्यापिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. दोनपर्यंत येऊन मी उणे संख्यांत शिरले तेव्हा त्यांनीच हात जोडले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणे पुष्कळ केली, पण त्यांना कायद्यात किंमत नाही.

१. राहते घर धाकट्या बहिणीला द्यावे. एकतीस वर्षे तिने माझी भाषणे आधी घरात ऐकली आणि निम्मी छाटली. हे कलम वाचून दाखवले तर म्हणाली, "ताई, आधी खिडकीची कडी बसवून दे, मग घर दे." कडी बसवून घेतली आहे.

२. बँकेतील ठेव आणि माझी सर्व पुस्तके सार्वजनिक वाचनालयाला. अट एकच: एकही पुस्तक काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये. कुलूपबंद पुस्तक म्हणजे तुरुंगात डांबलेला निरपराध माणूस. ज्या वाचनालयाला पुस्तक हरवण्याची भीती वाटते, त्याने वाचनालय ही पाटी काढून गोदाम अशी लावावी.

३. सध्याच्या विभागप्रमुखांनी "खडूची धूळ आरोग्यास अपायकारक" म्हणून सगळे फळे उखडून टाकले. त्यांना माझे डस्टर द्यावे, न झटकता. हे कलम रागाने लिहिलेले नाही. थोडे रागाने लिहिले आहे.

४. एकोणीस लाकडी आकार: गोळे, बांगडीसारखी कडी, खोगिरासारखे वाकवलेले तुकडे. हे सुताराला परत द्यावेत. त्यानेच ते पंचवीस वर्षांत मला घडवून दिले. एकदा त्याने रंधा खाली ठेवून विचारले, "बाई, ह्या गोळ्यांचं तुम्ही नक्की करता तरी काय?"

मी म्हटले, "समज, ह्या गोळ्याच्या पाठीवर एक सूर पसरलाय. मी पाठीवर ठिकठिकाणी कान लावते. प्रत्येक कान आपल्या आसपासचा थोडासा सूर ऐकतो. सगळ्यांचं ऐकलेलं जुळवलं की पूर्ण सूर परत मिळाला पाहिजे."

"मग मोजकेच कान लावा की."

"एखादा झोपला तर? मी भाषणं देते, झोपणारे कान मला ठाऊक आहेत. म्हणून गरजेपेक्षा जास्त लावायचे. ह्या रचनेला आम्ही फ्रेम म्हणतो."

"जास्त कान, जास्त गोंगाट," तो म्हणाला.

इतका नेमका आक्षेप माझ्यावर कोणत्याही परीक्षकाने घेतलेला नाही. किती जास्त, आणि वाकलेल्या पाठीवर कुठे कुठे, ह्या एका प्रश्नावर माझे आयुष्य सुखात गेले. पाठ कशीही वाकलेली असो, माझ्या पद्धतीने कान लावले तर कोणताही सूर निसटणार नाही, हे माझे प्रमेय. माझे नाव झाले ते त्याच्यामुळे.

५. चाळीस वह्या. ह्या कलमाचा पहिला मसुदा असा होता: "वरील प्रमेय चुकीचे आहे. माझ्या मृत्यूनंतर वह्या आणि दुरुस्तीचा लेख शंकाबाईला द्यावा."

शंकाबाई ही माझी विद्यार्थिनी. वर्गात हे नाव मीच ठेवले. माझ्या वर्गाचा नियम होता, आक्षेप घ्यायचा तर वस्तू हातात घेऊन या, नुसते बोलू नका. अकरा वर्षांपूर्वी, भरल्या सभागृहात, ती सुताराकडून एक आकार करवून घेऊन आली: दोन गोळे आणि त्यांना जोडणारा काडीएवढा बारीक गळा. "मॅडम, ह्या गळ्यातला सूर तुमच्या कुठल्या कानाला ऐकू जाईल?" तिने नियम पाळला. मी मात्र वस्तूकडे बघितलेही नाही. चाळीस मिनिटे बोलले. टाळ्या पडल्या. तिने संशोधन सोडले आणि शाळेत शिकवायला लागली. दोन वर्षांनी वही उघडली तेव्हा कळले की तिचे बरोबर होते. गळा जितका बारीक, तितके माझे कान बहिरे. नऊ वर्षे मी गप्प राहिले. अन्यायाविरुद्ध गावभर बोलणारी बाई घरात गप्प होती.

मसुदा ऐकून बहीण म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार होय? म्हणजे समोरून उत्तर यायला नको!"

मी फोन केला.

"मॅडम? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. तू बरोबर होतीस, हे सांगायचं होतं."

तिने वर्गाचे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "हे मला फोनवर नकोय. जिथे बोललात तिथे बोला."

म्हणून गेल्या आठवड्यात त्याच सभागृहात उभी राहिले. चार मिनिटे लागली. टाळ्या पडल्या नाहीत आणि पडायलाही नको होत्या. दुरुस्तीचा लेख दोघींच्या नावे धाडला आहे, तिचे नाव आधी.

काल ती घरी आली. वह्यांकडे बघत म्हणाली, "गळा बारीक होत गेला की कान किती वाढवायचे, काढलंत?"

"नाही जमलं."

"मी काढलंय. सहा वर्षं झाली. दाखवायला कोणी नव्हतं."

मी म्हटले, वह्या तुझ्या नावे लिहून ठेवल्या आहेत.

"मेल्यावर कशाला? आत्ता द्या. तुमचं अक्षर हे असलं, अर्धी पानं तुम्हालाच विचारावी लागतील. मंगळवार-शुक्रवार, शाळा सुटल्यावर येईन. चालेल?"

बहिणीने मला विचारण्याआधीच "चालेल" म्हणून टाकले. वह्या ती दोन पिशव्यांत भरून घेऊन गेली.

तेव्हा कलम पाच रद्द. शंकाबाईला ह्या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, त्यामुळे ती साक्षीदार होऊ शकते, असे वकिलांनी सांगितले. घाई करण्याचे मला आता काही कारण उरलेले नाही. मंगळवार-शुक्रवार बांधलेले आहेत.

ठिकाण: माझे लिहिण्याचे टेबल
दिनांक: सात मार्च

लिहून देणार: (सही) निवृत्त प्राध्यापिका

आम्हां दोघांदेखत त्यांनी सही केली व त्यांच्यादेखत आम्ही केली:
१. (सही) डॉक्टर
२. (सही) गणिताची शिक्षिका