रुमालात बांधलेले फर्मे

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण एका गोष्टीचा राग मी अजून सोडला नव्हता. बंगळूरला चिकपेटच्या दुकानात तुम्ही ब्लाउज बेतायचात आणि संध्याकाळी ज्यांवरून कापड कापायचात ते पुठ्ठ्याचे सगळे फर्मे रुमालात बांधून चामराजपेटच्या घरी आणायचात. आई म्हणायची, "दागिनं असल्यागत जपत्यात." मी दहा वर्षांची असेन. डबा घेऊन दुकानात आले तर तुम्ही चहाला गेलेले. नव्या कारागिरानं मागितला म्हणून मी त्याला बाहीचा फर्मा काढून दिला. तोही तुमच्यासारखाच पोटासाठी गाव सोडून आलेला. तुम्ही येता, त्याच्या हातातून फर्मा काढून घेता, आवाजही चढवत नाही. मला म्हणता, "कुणाला इचारून दिलीस गं? ह्यो फर्मा गेला की माझ्याकडं मागं काय ऱ्हातंय?" आणि बाही कशी बेतायची विचारणाऱ्या त्याला, "ते हाताला आपसूक कळतंय." त्याच्या हाताला ते कळलं नाही, महिन्याभरात तो गेला. दारात आलेल्याला आपल्या ताटातली भाकरी देणारा माझा बाप एवढ्यापुरताच कोता कसा, याची मला लाज वाटायची.

नोकरी लागल्यावर मी तुम्हाला ऐकवलंही होतं, "आमच्या ऑफिसात असं लपवत नाहीत, अण्णा." तुम्ही नुसतं हसलात. परदेशातले विम्याचे दावे तपासायचं माझं काम आधी तिकडचीच एक बाई करायची. तिनं फोनवरून मला सगळं शिकवलं, आपली खुर्ची जाणार हे ठाऊक असूनही. नियमात बसतात पण खोटे असतात, असे दावे कसे ओळखायचे याच्या खुणा तिनं एका फाइलीत लिहून ठेवल्या होत्या. शेवटच्या दिवशी ती फाइलही तिनं मला पाठवली. मी थँक्यू म्हटलं आणि तुमच्यासाठी पेढे घेऊन आले. तिचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

आता मी सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून तेच काम करते. कंपनीच्या लक्षात आलंय की घरूनच करायचं तर बंगळूरचंच घर कशाला हवं. म्हणून माझ्या हाताखाली एक मुलगी दिलीय, आणि ती कुठे बसते ठाऊक आहे? निपाणीत. तुम्ही जे गाव वळकटी घेऊन सोडलंत, तिथेच, तिच्या आईच्या स्वयंपाकघराशेजारी. फोनवर कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तुम्ही कामामागे गेलात, काम तिच्या दारात आलं. हे चांगलं झालं, हे मला मनापासून पटतं, पण तिला शिकवायचं मलाच आहे. तिची तयारी झाली की माझी जागा ठेवायची का ते बघू, असं साहेब म्हणालेत. उद्या तिच्या जागेवरही कुठल्या तरी देशातलं कुणी बसेल, पण या विचारानं काही बरं वाटत नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी कुठलं गाव सोडून कुठे जाऊ?

काल दुपारी तिनं विचारलं, "अक्का, ह्यो दावा नियमात बसतोय की, मग तुम्ही का अडवलासा?" ती फाइल तेव्हा माझ्यासमोर उघडीच होती. त्या बाईच्या खुणा, आणि त्याखाली माझ्या इतक्या वर्षांच्या. मी म्हटलं, "ते अनुभवानं आपसूक कळतं गं." ती "सरी, बरं अक्का" म्हणाली आणि बिचारीनं ते वहीत लिहूनही घेतलं.

शब्द तोंडातून गेल्यावर तुमचा रुमाल आठवला. तुमची माफी मागावी म्हणून आज हे लिहायला बसले. माफी मागते, अण्णा. पण खरं सांगू? लिहायला बसण्याआधी मी ती फाइल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून काढून माझ्याजवळ घेतली.