पाचव्या दिवशी थांबलेला पाळणा

६ जानेवारी, सोमवार

आज दिवसभरात चार गाणी पारंपरिक करून टाकली. जेवणाआधी तीन, चहानंतर एक.

काम सोपं. कुणी जुनं गाणं नव्यानं गायलं, की ऑनलाइन दुकानात चढवण्याआधी मूळ कर्ता शोधायचा, त्याची किंवा वारसांची परवानगी घ्यायची, फॉर्मात नाव भरायचं. दोन फोन करून कोणी सापडलं नाही, की ‘पारंपरिक’च्या चौकटीत टिचकी. मग परवानगी नको, नाव नको. अकरा वर्षांच्या नोकरीत तयार झालेली व्याख्या: पारंपरिक म्हणजे ज्याचा वारस फोन करत नाही असं गाणं.

नवा अल्बम रेवाचा. अंगाईगीतं. रेवा गात नाही, माइकच्या कानात कुजबुजते. शेजारी गिटार मेल्यासारखी पडलेली, मधूनच दचकते. साहिल (वय एकतीस, माझा साहेब) डोळे मिटून म्हणाला, "मॅम, काय शांत वाटतं ना?" मला दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखं वाटत होतं.

९ जाने., गुरुवार

तपासायला म्हणून रेवाचा पाळणा घरी लावला. लहानपणापासून कानावर असलेलाच. आई मेथी निवडत होती. गाणं संपलं तरी हात थांबलेला.

"पुढचं?"

म्हटलं, एवढंच. तीन मिनिटांच्या वर लोक ऐकत नाहीत.

"पाचव्या दिवसावरच थांबवलंत? पाचवी पुजली आणि पोराला टाकून निघालात? बाराव्याला नाव कोण ठेवणार त्याचं?"

मग जुडी बाजूला सारून म्हणाली, "आणि तिसरं कडवं बंड्याच्या आईचं आहे. त्या गाणाऱ्या पोरीला सांग, ते हसत गायचं नाही."

बंड्याच्या आईचं म्हणजे तिनं केलेलं. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत बंड्याचं बारसं होतं तेव्हा. चाल आणि पहिली पाच कडवी शेजारच्या ताराबाई सावंतांची, त्यातलं तिसरं तेवढं बाळंतिणीनं खाटेवरून सांगितलं. सहाव्यापासून बाराव्यापर्यंत आईची. आई तेव्हा एकोणीस वर्षांची, नवी नवरी.

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

हा पाळणा मी चाळीसेक बारशांत ऐकलाय. माझ्या स्वतःच्याही. आपोआप उगवला असणार असं धरून चालले, पत्र्यावरच्या गवतासारखा. सोमवारी त्याच्यावर टिचकी मारली. जेवणाआधीच्या तिनांतला तिसरा.

१० जाने., शुक्रवार

साहिलला सांगितलं. त्याला पुरावा हवा. सातवं कडवं म्हणून दाखवलं, ऑफिसात, काचेच्या केबिनमध्ये, भर अकरा वाजता:

सातव्या दिवशी सातचा भोंगा, बाबा निघाले कामाला
पाळण्यामधुनी बाळ विचारी, माझा डबा कुठे ठेवला

गिरणीचा भोंगा कुठल्या परंपरेत वाजतो? आपलं हे ऑफिसही गिरणीच्याच आवारात आहे, हवं तर खाली वॉचमनला विचार. साहिल गोड हसला. "पण आपल्या कव्हर व्हर्जनमध्ये सातवं नाहीच ना मॅम."

पुरावा कापायचा आणि मग पुरावा मागायचा. याला एमबीए लागतं.

१४ जाने., मंगळवार, संक्रांत

कंपनीनं तिळगूळ आणि ना-हरकतीचा कागद एकाच पिशवीतून पाठवला. आईनं त्यावर सही करायची की गाणं पारंपरिक आहे, हरकत नाही. बदल्यात अल्बमच्या माहितीत ‘विशेष आभार’. कागद घेऊन मीच आले. टपाली बाईचं कामही मीच करते.

आईनं भिंग लावून दोनदा वाचला. "यात लिहिलंय की हे कुणी केलं नाही."

साधारण तसंच.

"पण यांनी घेतलेल्यात माझं एकही कडवं नाही. मग माझी सही कशाला? पाच त्या दोघींची. त्यांना विचारा."

वर तिळगुळाचा खडा तोंडात टाकून, "कसला कडक. नावाला गोड."

१८ जाने., शनिवार

सकाळी ऑफिसात कोणी नसताना टिचकी काढली. एक साधं बटण. लगेच लाल अक्षरं: कर्त्यांची पूर्ण नावं व संमती ४ फेब्रुवारी दुपारी बारापर्यंत द्या.

ताराबाई गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी दादरला असते. तिनं दारातच सही दिली, मग आत नेऊन पोहे दिले, मग रडली. निघताना म्हणाली, आईचं नाव नीट लिही हं, तारामती, नुसतं तारा नको.

उरली बंड्याची आई. फॉर्मला पहिलं नाव हवं. घरी येऊन आईला विचारलं.

"बंड्याची आईच म्हणायचो गं."

त्याच्याआधी?

"त्याच्याआधी परबांची नवी."

२१ जाने., मंगळवार

साहिलला कळलं. ओरडला नाही, ओरडता तर बरं. खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "मॅम, तुमच्या इमोशन्स मी समजतो. पण चार तारखेला बाराला नाव नसलं, तर मी स्वतः टिक करणार. एकदा रिलीज झालं की झालं." ते खरंय. एकदा पारंपरिक होऊन चढलेलं गाणं पुढचे सगळे पारंपरिक म्हणूनच उचलतात. मीच उचललीत.

लिफ्टमध्ये रेवा. म्हणाली, तिसरं कडवं किती रॉ आहे, त्या काळातली सगळी बाई त्यात आहे ना?

म्हटलं, सगळी नाही. एकच आहे. शोधतेय.

पहिल्यांदाच तिचा मूळ आवाज ऐकला. "म्हणजे? मला सांगितलं की मूळ कुणी नाही." बरा आहे आवाज. खणखणीत. आईचा निरोप तिला सांगून टाकला, तिसरं हसत गायचं नाही.

२५ जाने., शनिवार

आईनं मुद्दाम हळदीकुंकू केलं. जुन्या चाळीतल्या हयात बायका आमच्या एकोणिसाव्या मजल्यावर जमवल्या. सहा जणी, दोघींना व्हीलचेअरवरून आणलं. वाण म्हणून चहाची गाळणी.

बंड्याच्या आईचं सगळ्यांना सगळं आठवतं. घावणे कसे जाळीदार, नाकात चमकी कुठल्या बाजूला, संपानंतर कुठल्या एसटीनं कुटुंब गावी गेलं. तिचा उखाणा तर सहाही जणींनी एका सुरात म्हटला. त्यामुळे तिच्या नवऱ्याचं नाव पक्कं मिळालं: महादेव. तिचं कुणालाच नाही.

एक म्हातारी म्हणाली, तिच्या नवऱ्यानं घेतलं असेल की उखाण्यात. लग्नात, गावाला. तिथं आपण थोड्याच होतो.

सगळ्या हसल्या. मग कुणीच हसेना. गाळण्या घेऊन गेल्या.

तिसरं कडवं इथं उतरवून ठेवते:

तिसऱ्या दिवशी कूस वळेना, अंग ठणके, झोप नाही
निजला राजा मांडीवरती, त्याला त्याची खबर नाही

३१ जाने., शुक्रवार

बंड्या सापडला. चाळीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मेहुण्याकडून नंबर. कुडाळजवळ गावात असतो. साठीला आलेला माणूस फोनवर म्हणतो, "बंड्या बोलतंय."

आईचं नाव विचारलं. घुटमळला. माहेरचं एक आहे, लग्नात ठेवलेलं दुसरं. रेशनकार्डावर लग्नातलं, बँकेत कारकुनानं माहेरचं लिहिलेलं. कुठलं घालायचं म्हणता?

मी म्हटलं, त्यांना काय म्हणून हाक मारायचे घरी?

"आये," म्हणाला. आणि मग, "तिकाच इचारा. सोमवारी फोन करा, ती आता मळ्यात गेली हा, रविवारपर्यंत थयच रवतली."

हयात आहे. ब्याऐंशी वर्षांची, आणि मळ्यात. इतके दिवस मी वारस शोधत होते. माझ्या व्याख्येत हयात कर्त्याची सोयच नव्हती.

३ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी बंड्याच्या आईला फोन. आई शेजारी, स्पीकरवर. पहिली पाच मिनिटं दोघी एकमेकींची गुडघेदुखी विचारत होत्या. मग मी सगळं सांगितलं: गाणं, कुजबूज, फॉर्म, उद्या बारा.

"माझा नाव कोणाक होयां?"

म्हटलं, जो कोणी गाणं ऐकेल त्याला दिसेल. खाली लिहिलेलं.

तिकडे तिनं कोंबड्या हुसकावल्या. मग तिनं विचारलं, ती पोरगी तिसरा म्हणताना हसता काय?

आई म्हणाली, हसायची. आता नाही हसणार, पुन्हा गायलंय तिनं. खरंय, रेवानं काल पाठवलं, न विचारता. आईनं दोनदा लावायला लावलं. चांगलं म्हणाली नाही; ऐकताना मेथी मात्र निवडली नाही.

मग मी बंड्यानं सांगितलेली दोन्ही नावं म्हणून दाखवली आणि कुठलं लिहू विचारलं. संमती आहे, म्हणाली, बंड्या अंगठा नाय, सही घेऊन फोनवर धाडतलो, मी सही शिकलंय.

"दोनातला एक सांगूचा?"

हो.

"माका वायच इचार करूक दी. सकाळी सांगतंय."

फोन ठेवला. आई म्हणाली, घाई करू नकोस तिला. म्हटलं, मी नाही गं करत, उद्या बारा करतंय.

फॉर्म उघडाच ठेवलाय. तारामती सावंत. त्याच्याखाली आडनावाच्या रकान्यात परब. पहिल्या नावाच्या रकान्यात नुसती रेघ, उघडझाप करणारी.