सरकारी खात्यातली मुलगी

आई, माफी मागायला हे लिहीत नाही, ते आधीच सांगून टाकते. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्याआधीची वीस वर्षं आपण एकाच गोष्टीवर भांडलो, तेही बहुतेक न बोलता: माझं काम लाजेचं आहे की नाही. तू शेवटपर्यंत मानलं नाहीस, मीही मानलं नाही. आता मी पन्नाशीला आलेय. उष्ण देशांतल्या समुद्रकाठी रिसॉर्ट बांधू पाहणाऱ्या मालकांना सल्ला देते. कुठं बांधा, किती खोल्या काढा, कुठल्या देशाचे पाहुणे कुठल्या महिन्यात येतील, हे त्यांना सांगते. त्यातल्या एकाही दिवसाची मला लाज वाटलेली नाही. हे तुझ्या तोंडावर नीट सांगायचं राहून गेलं.

वडील गेल्यावर तू मला घेऊन शिरूर अनंतपाळहून लातूरला आलीस, ती माझ्या शिक्षणासाठी. दोन खोल्या भाड्यानं घेतल्यास आणि डॉक्टर-इंजिनियर व्हायला आलेल्या पोरांची मेस सुरू केलीस. चाळीस पोरं, सगळ्यांची तू मावशी. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. तू परातीत पीठ काढतेस, मधेच हात थांबवतेस आणि बाहेर बसलेल्या पोरांना ओरडून विचारतेस, "आज बाजार हाय. कुणाकुणाचे मायबाप येऊन राहिलेत रे?" ज्याचे आईवडील एसटीनं येणार, तो घरचा डबा खाणार, म्हणजे त्याच्या भाकरी करायच्या नाहीत. बिलोलीकडच्या पोरांना भात जास्त लागतो, आपल्याकडच्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. नवीन पोरगा आला की तू नावाआधी गाव विचारायचीस. "कुठलं हाय ते कळलं की किती खाईल ते कळतंय," असं तुझं म्हणणं. पुढं शेजारच्या मेसवालीनं पोरं वाढली म्हणून तिसरी खोली घेतली, तेव्हा तूही घ्यावीस म्हणून सगळे मागं लागले होते. तू म्हणालीस, "परीक्षा झाली की ही गल्ली ओस पडती. मग त्या खोलीत काय मी एकटी नाचू?" आणि घेतली नाहीस. मी तेव्हा ओट्याखाली बसून कांदे सोलत होते आणि मला या सगळ्याचा मनापासून कंटाळा होता.

बारावीला मला बरे मार्क पडले. आयुर्वेदाला तरी नंबर नक्की लागला असता. मी मात्र गुपचूप मुंबईच्या हॉटेल मॅनेजमेंटचा फॉर्म भरला होता. पत्र आलं ते भर पंगतीत. एका पोरानं ते पोस्टमनकडून घेतलं, फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. "मावशी, तुमची पोरगी हाटेलात चालली की!" सगळी पंगत हसली. तू वरणाची पळी पातेल्यात टाकलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "चाळीस पोरांची उष्टी काढून राहिले मी, ती ह्याच्यासाठी व्हय? तू जगाची उष्टी काढावीस म्हणून?" मी म्हणाले, "तू काढलेली चालतात, मग मी काढली तर काय झालं?" हे बोलायला नको होतं असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला अजूनही तसं वाटत नाही. मी जे विचारलं ते खरंच विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर तू कधी दिलं नाहीस.

उत्तराऐवजी तू मला नांदेडला मामाकडं घेऊन गेलीस, मला चार शब्द ऐकवायला. मामानं ऐकवले. हॉटेलात काम करणाऱ्या पोरीला कोण सून करून घेणार, वगैरे. मी ऐकून घेतलं आणि जेवून उठले. शेवटी नांदेडच्या स्टेशनावरून मला गाडीत बसवून द्यायला तूच आलीस, तोंड फिरवून. गाडी हलायच्या आधी खिडकीतून एक पिशवी आत सरकवलीस. त्यात काळे बूट होते. कॉलेजनं पाठवलेल्या यादीत काळे बूट लिहिले होते, ती यादी तू कधी वाचलीस कुणास ठाऊक. एक नंबर मोठे होते. मी पुढं कापूस घालून वर्षभर वापरले.

काम लागल्यावर तू नातेवाइकांना काय सांगायचीस ते मला बिलोलीच्या एका लग्नात कळलं. एक काका हात जोडून पुढं आले, "बाई, आमच्या पोराला बी तुमच्या खात्यात चिकटवा." कुठलं खातं? तर पर्यटन खातं. माझी मुलगी सरकारी हाय, असं तू सगळ्या गणगोताला सांगून ठेवलं होतंस. मी तिथंच, सगळ्यांसमोर म्हणाले, मी हॉटेलवाली आहे, सरकारी नाही. तू जेवणावरून उठून गेलीस. मला त्या दिवशी फार राग आला होता आई, आणि तो गेला असं मी म्हणणार नाही. तुला लाज वाटावी असं मी काही केलं नव्हतं.

पुढं एका बेटावर मालक नुसत्या जोडप्यांसाठी खोल्या बांधत होता. मी म्हणाले, आपल्याकडची माणसं आजी, नातू, जावई सगळ्यांना घेऊन येतील, खोल्यांना मधून दारं ठेवा आणि दुपारी चारला स्वयंपाकघर बंद करू नका. तो आधी हसला, पण ठेवली दारं. दुसरीकडं मी जास्त खोल्या काढायला सांगून तोंडावर आपटले, तेही सांगते. दोन वर्षं त्या रिकाम्या होत्या. पण मी काम सोडलं नाही, आणि लग्नही माझ्या मनानं, मला हवं तेव्हा केलं.

हे सगळं आजच का सांगतेय? गेल्या आठवड्यात नांदेड-लातूर भागातल्या एका ठेकेदारानं मला बोलावलं. शिरूर अनंतपाळच्या पुढं त्याचं शिवार आहे. माणूस दिलदार, पण डोक्यात खूळ. "मॅडम, लोकं गोव्याला जाऊन राहिलेत. आपण गोवाच हितं आणू. नारळ लावू, वाळू टाकू, निळं पाणी करू." मी विचारलं, मे महिन्यात बोअरला पाणी किती असतं? "प्यायापुरतं," तो म्हणाला. मी म्हणाले, नारळ विसरा. जाड भिंती, मोठी पडवी, आणि हुरड्याच्या दिवसांत माणसं बोलवा, हैदराबादेहूनसुद्धा येतील. खोल्या मात्र मोजक्याच काढा. "नाहीतर मार्च ते जून तुमचे नुसते खाडे पडतील."

तो थांबला आणि खुदकन हसला. "खाडा! मॅडम, हा तर मेसचा शब्द हाय. न जेवलेला दिस." मग खुशीत येऊन सांगू लागला, "मी बी दोन वरसं लातूरला मेसला होतो. आमची मावशी लई जीव लावायची. मी आजारी पडलो तर खाडा सांगूनबी पेज धाडली तिनं खोलीवर." कुठली मेस, ते मी विचारलं नाही. त्यानं विचारलं, "तुमच्या घरी होती का काय मेस? कुणी होतं का ह्या लाइनीत?"

उत्तरासाठी शब्द शोधायची गरज नव्हती. मी जे जे शिकले ते तुझ्या परातीपाशी शिकले, एवढंच म्हणायचं होतं. एवढ्या देशांत, एवढ्या लोकांनी हाच प्रश्न विचारलाय.

"नाही," मी म्हणाले. "कुणी नाही. मीच पहिली."

दर वेळी मी हेच म्हणत आलेय. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणूनच हे लिहू शकले. बिलोलीच्या त्या लग्नात तुझ्याभोवती अख्खं गणगोत होतं, तुला त्यांची भीती होती. माझ्यासमोर तर मेसमध्ये जेवलेला एक माणूस होता, मावशीची आठवण काढत उभा.