स्वयंपाकघराचं दार

३ फेब्रुवारी

सशाची पिल्लं! धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत, माझ्याच बनियनवर. सहा. उघडी, आंधळी, अंगठ्याएवढी. पांढरीने स्वतःच्या छातीचे केस उपटून त्यांच्यावर पांघरलेत. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं — "दोन्ही माद्याच आहेत काका." धन्य तो दुकानदार आणि धन्य आमचा काळू!

बायको लेकीकडे. ठमीला सातवा लागलाय, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलंय. मागचं मूल हाती लागलं नाही, त्यामुळे सगळ्यांचा जीव टांगणीला. तिचे ससे माझ्या गळ्यात. फोनवर पिल्लांचं सांगितलं तर किती दिवसांनी हसली! "बाबा, सगळी जगवा हं. माझी शपथ."

शपथ कसली घालतेस बये.

४ फेब्रुवारी

पांढरी दिवसभर टोपलीकडे फिरकलीसुद्धा नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. खाते, तंगड्या पसरून झोपते. आई म्हणे! दुकानदाराला फोन केला. "टाकली असणार. ड्रॉपरने दूध पाजा, उबेत ठेवा."

टोपली उचलून स्वयंपाकघरात, ओट्यावर, बल्बखाली. काळूने तुडवू नयेत म्हणून दार बंद. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेल्याला बाहेर काढायचं, एवढंच मला येतं.

५ फेब्रुवारी

पहाटे दारावर खरखर. पांढरी! नखांनी दार ओरबाडत होती. खादाड मेली. गाजर टाकलं, शिवली नाही. पायाने बाजूला सारली आणि कडी लावली.

६ फेब्रुवारी

एक गेलं. दूध नाकातून आलं आणि हातातल्या हातात गार झालं. फार वाईट वाटलं.

ठमीला म्हटलं, सहाही मजेत.

८ फेब्रुवारी

आणखी दोन. ड्रॉपर बदलला, दूध पातळ केलं, थेंब थेंब पाजलं — काही उपयोग नाही. पांढरीची पहाटेची कटकट चालूच. आज झाडू उगारला.

९ फेब्रुवारी

"बाबा, फोटो पाठवा ना." पहिल्या दिवशीचाच पाठवला. तिने लगेच नावं ठेवली सगळ्यांना. एकाचं डुलक्या. कोणतं ते, मी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

संपलं. शेवटचंही गेलं. बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत बाकीच्यांशेजारी पुरलं. माती लागलेले हात किती वेळ धूत होतो.

पांढरी आज दाराशी आली नाही. तिला काय त्याचं!

१२ फेब्रुवारी

काळूला बाल्कनीत हलवला. उशिरा सुचलेलं शहाणपण.

२० फेब्रुवारी

तिकडे बायको फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. "खरं सांगा. आहेत ना हो पिल्लं?" आहेत म्हटलं. "असू देत बाई. ती त्या पिल्लांवर दिवस काढतेय."

६ मार्च

पुन्हा! काळू हलण्याआधीच काम करून बसला होता तर. या खेपेला माझ्या कॉटखाली, जुन्या सतरंजीत. सात.

मी जमिनीवर बसूनच राहिलो. ड्रॉपर काढला, गरम पाण्यात धुतला, परत ठेवून दिला. माझ्या हाताला यश नाही. मरायचंच असेल तर निदान माझ्या हातात नको. टोपली नाही, बल्ब नाही, काही नाही.

८ मार्च

कॉटखाली बघायची हिंमत होत नाही. पांढरी दिवसभर पलीकडच्या खोलीत पसरलेली. तशीच!

ठमी म्हणाली, "डुलक्या आता उड्या मारत असेल ना?"

हो म्हटलं.

१० मार्च

पहाटे कॉटखाली खुसपुस. वाकून पाहिलं. पांढरी पिल्लांवर उभी! सातही उताणी होऊन खालून चुपूचुपू पीत होती. चार-पाच मिनिटं, बस्स. मग टुणकन उडी मारून गेली, वळूनही पाहिलं नाही. पोटं तट्ट फुगलेली. अंगावर बारीक लवही आलीय.

आनंदाने मोबाइल उचलला — ठमीला उठवतो, सांगतो, सातही जिवंत! नंबर लावता लावता ती खरखर आठवली. रोज पहाटेची. याच वेळची.

तिला गाजर नको होतं.