पेवात गेलेली वही

१९ एप्रिल १९४८, डोंगरकडा
वही नाही. ट्रंक तीनदा उपसली. स्पॅ. शब्दकोश आहे, व्याकरण आहे, धोतरं आहेत. वही तेवढी नाही.
माझी असती तर एवढं वाटलं नसतं. ती पाद्री सरांची. मुंबईला कॉलेजात आम्हा पाच जणांना ते स्पॅनिश शिकवतात. त्यांच्या बहिणीनं तिकडं स्पेनमध्ये आपल्या गावात बायकांकडून गाणी ऐकून उतरवली, ती ही वही. पुढं तिकडच्या यादवीत बहीण गेली. दुसरी प्रत नाही. पा. सर द्यायला तयार नव्हते. सुटीत मराठी भाषांतर पुरं करतो म्हणून मीच हट्टानं मागून आणली.

२० एप्रिल
माय म्हणते, मी ट्रंकेला हात लावला न्हाई. अण्णा जेवताना मान वर करेनात, तेव्हाच ओळखलं.
"हाय. चांगल्या जागी हाय."
"कुठं?"
"पेवात."
मी हद्दीपलीकडं उमरखेडला मामाकडं गेलो होतो तेव्हा शेजारच्या गावात रझाकारांनी झडती घेतली. तिथल्या मास्तरांचे कागद नेले, मग मास्तरांनाही नेलं. अण्णांनी घाबरून माझी ट्रंक उघडली. वहीतली भाषा ना मराठी, ना उर्दू, ना इंग्रजी. मध्ये पा. सरांच्या बहिणीनं आपल्या गावाची चित्रं काढलीत. विहीर, खळं, वाटा. "गावाचा नकाशा हाय त्यात. कोन्तं गाव म्हून इचारलं तर काय सांगणार व्हतास?" अण्णा म्हणाले. त्याच दिवशी जमिनीखालचं ज्वारीचं पेव भरत होते. मायच्या चांदीच्या सरीबरोबर वहीपण मेणकापडात गुंडाळून ज्वारीत घातली, वर दगड, वर माती लिंपली.
ताटावरून उठलो. आमच्यात जे जपायचं ते पेवातच जातं, हे मलाही कळतं. त्यामुळं धड भांडताही येईना.

२ मे
पेव आमच्या एकट्याचं नाही, चार घरांचं. दोन घरं कशीबशी राजी केली. चौथा तांड्यावरचा गोमा नाईक, तो अडून बसला. पेव भरणं-उघडणं त्याच्याच हातचं.
"वही म्हंजे पोथी हाय का?"
"गाणी आहेत. बायकांची."
"मंग तुज्या मायला म्हनाय लाव की."
मी चिडलो, तसा तो हसायचा थांबला. म्हणाला, "अर्धा तांडा भिऊन वऱ्हाडात गेला. ते वापस येतील तवा काय खातील? आता तोंड उघडलं तर धान्य कुठं हाय ते साऱ्या मुलखाला कळंल. अन् हवा लागली की ज्वारी टिकत न्हाई. दसऱ्याच्या आधी मी हात लावत न्हाई, बापू."
बरोबर बोलला. म्हणूनच त्याचा जास्त राग आला.

१७ जून
आपल्याकडच्या टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्रं मामाच्या पत्त्यावर येतात. आज मामाच्या गड्यानं पा. सरांचं पत्र आणलं. त्यांना मायदेशी बोलावलंय. बोट सप्टेंबरच्या सुरुवातीला. 'त्याआधी ये. वही तुझ्याच हातून घेईन.'
कॉलेज उघडलं असेल. उमरखेडवरून जाता येतं, आडवाटेनं लोक जातातच. पण हात हलवत कोणत्या तोंडानं जाऊ?
उत्तर लिहिलं. वही माझ्याजवळ आहे, सुखरूप आहे, रस्ते बंद आहेत. परक्या भाषेत खोटं लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. याचीच लाज वाटते. दोन वर्षं शिकलो ते याच्यासाठी?

५ जुलै
आठवतील तशी गाणी लिहून काढतोय. आधी स्पॅ., खाली मराठी. माय दळत होती. एक गाणं तिला मराठीत सांगितलं. नवी सून माहेरचं सगळं विहिरीला सांगते, घरात कुणाला सांगत नाही. मायचा हात थांबला.
"तिकडं बी इहिरीलाच सांगत्यात व्हय?"
मग तिनंच पुढची ओळ म्हटली. ओळ चांगली होती, लिहून घेतली. आता वाचतो तर मूळची कोणती नि मायची कोणती, कळेना.

२८ जुलै
सव्वीस गाणी झाली. अण्णांशी बोलणं जवळजवळ बंदच आहे. ते कामापुरतं विचारतात, मी कामापुरतं सांगतो.
पण आज बरं वाटतंय. गाणी तर परत देता येतील. पा. सर रागावतील, मग वाचतील, मग निवळतील. बाड नीट शिवून ठेवलं.

१९ ऑगस्ट
पा. सरांचं दुसरं पत्र. मी काही कबूल केलं नव्हतं, त्यांनी आपण होऊनच लिहिलंय. 'भाषांतर राहिलं तरी चालेल. गाणी मला लहानपणापासून पाठ आहेत. वहीत मी गाणी वाचतच नाही. तिचं अक्षर पाहतो. तिची पत्रं घराबरोबर जळाली, एवढंच उरलंय.'
शिवलेलं बाड पुढ्यात होतं. उचलून फळीवर टाकलं.
न राहवून पत्र अण्णांना मराठी करून सांगितलं. ते पत्र हातात घेऊन अक्षर बघत बसले. मग, "बहीण धाकली का थोरली?"
"धाकटी."
उठून गोठ्यात गेले. जेवायला आले नाहीत.

२० ऑगस्ट
अण्णा स्वतः गोमा नाईकाकडं गेले होते. मला न सांगता. माय म्हणते, हात जोडले त्यांनी. अण्णांनी कुणापुढं हात जोडलेले मी तरी पाहिले नाहीत.
गोमानं त्यांना पेवापाशी नेऊन दाखवलं. वरची माती पावसानं फुगलीय. आता उघडलं तर पाणी थेट आत. चौघांचं धान्य जाईल.

२३ सप्टेंबर
फौजा आल्या, राज्य बदललं. वऱ्हाडातून माणसं परत येऊन राहिलीत. चावडीपुढं गुलाल, ओळखीचे अनोळखी सगळे गळ्यात पडतात. मीपण पडलो. मनात एकच, बोट गेली.
मामानं पा. सरांचं कार्ड पाठवलं. वाट पाहिली, एवढं एक वाक्य. खाली स्पेनचा पत्ता. रागाचा एक शब्द नाही, असता तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर
आज गोमानं पेवाचं तोंड उघडलं. दोरीला बांधून दिवा आत सोडला. हातभर गेला न गेला तोच विझला. आत हवा वाईट असली की माणूस उतरवत नाहीत. "उद्या बघू," गोमा म्हणाला. "आज उघडंच ऱ्हाऊ द्या."
आंबूस वास येत होता. तो कडेच्या ज्वारीचा, मधली चांगली निघते म्हणतात. अण्णांना विचारलं, वही मध्ये ठेवली होती ना?
"कडंला. तुला लवकर काढता यावी म्हून."
घरी आल्यावर लगेच कागद घेतला. उद्या वही कशी निघते ते बघून मग पत्र लिहावं, असं मनात आलं होतं. चांगली निघाली तर मी खोटं लिहिलं होतं हे सांगायचीही गरज नव्हती. म्हणून आजच लिहायला बसलो. पेवाचं सांगितलं. जूनपासून मी खोटं लिहीत होतो तेही सांगितलं. पेवात कुणी घातली ते लिहिलं नाही. हट्ट माझा, चूक माझी, असं लिहिलं.
अण्णा शेजारी येऊन बसले होते. म्हणाले, "वाच."
"स्पॅनिशमध्ये आहे."
"तसंच वाच."
वाचलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, मान खाली घालून.
"यात माजं नाव आलं न्हाई," म्हणाले.
मी दुसरा कागद घेतला.