शेजारच्या दुकानातली खुर्ची

३ मार्च, सोमवार
कॅलिफोर्नियात, ग्लेनडेलला इन्शुरन्सचं ऑफिस थाटून वर्ष झालं. मॅनेजर विनयचा फोन. महिनाअखेर दहा नवे कस्टमर आण, नाहीतर एजन्सी बंद. दहा? वीस आणतो! बंद झालीच तर अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला मेव्हण्याच्या हाताखाली नोकरी, असं बायकोला, आश्लेषाला कबूल करून बसलोय. त्यापेक्षा मरण परवडलं.
अडचण एकच. शेजारचा वाहान. आर्मेनियन. तोही इन्शुरन्सच विकतो. विकतो कसला, लोकांना खाऊ घालतो! त्याची म्हातारी आई मागच्या खोलीत दिवसभर कॉफी उकळते. ऑफिस आहे की लग्नघर?

५ मार्च
संकल्प: आपणही पाहुणचार करायचा. कॉफी मशीन आणलं. एक कस्टमर आला. हसून विचारलं, कॉफी घेऊनच आला असाल ना? तो चक्क नाही म्हणाला! असं तोंडावर कुणी सांगतं का? मशीनचा खोका फोडेपर्यंत तो वाहानकडे जाऊन बसला.

१० मार्च
शत्रूचा अभ्यास करायला शेजारी गेलो. फक्त पाच मिनिटं. वाहानने खुर्ची ओढली, आजींनी गोड पाव, जर्दाळू, अक्रोड पुढे केले. मी रीतीप्रमाणे तीनदा नको म्हटलं. आजींना इंग्लिश कळत नाही, त्यांनी तीनदा वाढलं. वाहानने पॉलिसीचं नाव काढलं नाही, माझ्या आईची चौकशी केली. नागपूरला असते, गुडघा दुखतो म्हटलं, तर आजींनी वाहानकरवी तिचा फोटो बघायला मागितला. काय बेरकी लोक आहेत! दोन तास गेले.

१४ मार्च
अभ्यास चालू. रोज एक ते अडीच. आजी आता मला श्रीरंग-जान म्हणतात. आश्लेषाने विचारलं, डबा तसाच परत का येतो? म्हटलं, मार्केट रिसर्च. यार, रिसर्चने तुझं पोट सुटलंय, म्हणाली. तिला बिझनेस कळत नाही.
नवे कस्टमर: शून्य. पण पाया पक्का होतोय.

२१ मार्च
वाहानने सहज विचारलं, घराची पॉलिसी नीट आहे ना? म्हटलं, मीच काढलीय! ऐटीत कागद दाखवला. त्याने वाचला, डोकं खाजवलं. भूकंपाचं कव्हर घ्यायचंच राहिलं होतं. कॅलिफोर्नियात! मी घामाघूम. आधी जेव, म्हणाला. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात होता. मग माझ्याच एजन्सीतली जुनी पॉलिसी कॅन्सल करून त्याच्याकडे नवी घेतली. त्याचे फॉर्म आतून बघायचेच होते म्हणा.

३१ मार्च, दुपारी दीड
आजींना सांगितलं, दुकान जाणार, मीही जाणार. वाहानने भाषांतर केलं. आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, ताट वाढलं आणि आईचा गुडघा कसा आहे विचारलं. या वेळी एकदाही नको म्हटलं नाही.
तेवढ्यात विनयचा फोन. नवे शून्य, वर जुना एक कॅन्सल! नवे राहू दे, निदान तो एक परत आण, तीन महिन्यांची मुदत मिळवून देतो. आहे कोण तो गाढव?
म्हटलं, माणूस सज्जन आहे, पण अवघड आहे. आत्ता वाहानकडे बसलाय, आणि आजी त्याला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत.